चौदा पुस्तके, तीन अंक आणि सोळा पाने : ठाणे ते भिलार

माझी मावशी पस्तीस वर्षे महाविद्यालयीन ग्रंथालयात ग्रंथपाल होती. निवृत्त झाल्यावर केवळ पुस्तकांसाठी चार-पाच दिवस कुठे तरी फिरून यावे असे तिच्या मनात होते आणि गेल्या माघात तो योग आला. ठाण्याहून पुणे, पुण्याहून वाई आणि वाईहून भिलार असा आमचा मार्ग ठरला. निघण्यापूर्वी मावशीने एक नियम घालून दिला होता : ग्रंथालय आधी, दुकान नंतर. जे पुस्तक ग्रंथालयातून मिळते ते आधी आणून वाचावे, पुन्हा पुन्हा लागणार असेल तरच विकत घ्यावे आणि जे कुठल्याही ग्रंथालयात मिळण्याची शाश्वती नाही ते दिसताक्षणी घ्यावे. प्रवासातला प्रत्येक निर्णय याच नियमाने झाला, म्हणून तो आधीच सांगून ठेवते.

आदला दिवस : ठाणे

प्रवासाला निघण्यापूर्वी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन हातातली दोन पुस्तके परत केली. १ जून १८९३ रोजी स्थापन झालेली ही संस्था केवळ मराठी ग्रंथांचा संग्रह करण्यासाठी उभी राहिलेली पहिली संस्था मानली जाते आणि तिच्या स्थापनेत पुढाकार घेणारे विनायक लक्ष्मण भावे हेच पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’चे कर्ते झाले. मी तिथली सभासद आहे हे सांगताना मला आजही बरे वाटते. मावशीने मात्र मला तिथे वेगळ्याच कामाला लावले. पुण्यात घ्यायच्या पुस्तकांची माझी यादी तिने मागितली आणि त्यातली कोणती इथे आहेत ते आम्ही शोधले. बावीस नावांपैकी तेरा सापडली. ती यादीतून खोडली गेली आणि पुण्याला जाण्यापूर्वीच पुष्कळ पैसे व पाठीवरचे ओझे वाचले. खरेदीला निघणाऱ्या प्रत्येकाने हे अर्ध्या तासाचे काम करावे असे मी मनापासून सुचवीन.

पहिला दिवस, मंगळवार : पुणे

सकाळी गाडीतून उतरल्यावर सामान निवासस्थानी टाकून आम्ही आधी शासकीय ग्रंथागारात गेलो. पुस्तकांच्या खरेदीला पुण्यात येणारे बहुतेक जण थेट आप्पा बळवंत चौक गाठतात आणि स्टेशनाच्या बाजूला, मुख्य टपाल कार्यालयाच्या परिसरातल्या शासकीय मुद्रणालयाला जोडून असलेले हे विक्री केंद्र त्यांच्या गावीही नसते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची आणि शासनाच्या इतर प्रकाशन समित्यांची पुस्तके इथे मिळतात. त्यांच्या किमती बाजारातल्या पुस्तकांशी ताडून पाहिल्या, तर एवढ्या पानांचा ग्रंथ एवढ्यात कसा मिळतो याचे नवल वाटते. ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ मला हवे होते. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेला हा ग्रंथ मंडळाने १९६९ साली प्रथम काढला आणि पुढे य. दि. फडके यांनी त्याची सुधारित आवृत्ती सिद्ध केली. शाळेच्या पुस्तकात आपण ‘शेतकऱ्याचा असूड’मधला एखादा उतारा वाचतो आणि फुले वाचले असे समजतो. सगळे लेखन एका पुठ्ठ्यात हातात आल्यावर किती राहून गेले होते ते उमगते. हा ग्रंथ आणि दोन छोटी चरित्रे अशी तीन पुस्तके घेतली.

इथे जाणाऱ्यांनी शनिवार-रविवार आणि सरकारी सुट्ट्या टाळाव्यात, जेवणाच्या वेळेआधी पोहोचावे, रोख पैसे जवळ ठेवावेत आणि पुस्तकाचे नेमके नाव कागदावर लिहून न्यावे. “काहीतरी इतिहासाचं दाखवा,” असे म्हटल्यावर तिथल्या माणसाने काय दाखवावे? नाव सांगितले तर मात्र तो आतल्या गठ्ठ्यांतून बरोबर काढून आणतो. आम्हांला हवे असलेले एक चरित्र मांडणीत नव्हते. खिडकीतल्या गृहस्थांनी दोन मिनिटे थांबायला सांगितले, आतून सुतळीने बांधलेला गठ्ठा आणला, आमच्यासमोर सोडला आणि वरची धूळ बसलेली प्रत बाजूला ठेवून मधली स्वच्छ प्रत आमच्या हातात दिली. इतक्या आस्थेची मी अपेक्षा केली नव्हती.

दुपारनंतर आप्पा बळवंत चौक. सरदार आप्पा बळवंत मेहेंदळे यांच्या वाड्यावरून हे नाव पडले. वाडा गेला, पण नाव पुस्तकांशी इतके जोडले गेले आहे की पुण्यातल्या कितीतरी मुलांना ‘आप्पा बळवंत’ म्हणजे पुस्तकांचा बाजार एवढेच ठाऊक असते. दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आलेल्या असल्यामुळे अपेक्षित प्रश्नसंच मागणाऱ्या मुलांची आणि त्यांच्या पालकांची गर्दी होती. या चौकातल्या अनेक दुकानांत अजूनही फळीच्या अलीकडे गिऱ्हाईक आणि पलीकडे पुस्तके अशी रीत आहे. तुम्ही नाव सांगायचे आणि मुलगा लाकडी शिडीच्या घोड्यावर चढून वरच्या कप्प्यातून पुस्तक काढणार. हाताळत बसायचे असेल तर बाजीराव रस्त्यावरच्या ‘अक्षरधारा’सारख्या दालनात जावे, तिथे कपाटांमधून मनसोक्त फिरता येते. मला विचाराल तर दोन्ही हवीत. हवे ते नक्की माहीत असेल तेव्हा फळीचे दुकान वेळ वाचवते, माहीत नसेल तेव्हा उघडी कपाटे उपयोगी पडतात.

फळीच्या एका दुकानात मी विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ मागितले. दुकानातले काका साठीच्या पुढचे असावेत. पुस्तक काढायला सांगण्याआधी त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “ताई, वैद्यांचं देऊ की पोतदारांचं?”

मला प्रश्न कळला नाही. मावशीचा चेहरा मात्र खुलला. ती म्हणाली, “काका, असं विचारणारे दुकानदार राहिलेत तर अजून!”

मग दोघांनी मिळून मला सांगितले ते असे. वरसईचे गोडसे भटजी सत्तावन्नच्या धामधुमीत उत्तरेत होते, झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला आणि परतल्यावर कित्येक वर्षांनी तो वृत्तान्त लिहून काढला. चिंतामण विनायक वैद्य यांनी तो १९०७ साली प्रसिद्ध केला, पण आपल्या संपादनाचा हात फिरवून. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली संहिता दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली वाचकांपुढे आणली. तेव्हा नुसते ‘माझा प्रवास द्या’ म्हणणे पुरेसे नाही. आतल्या पानावर संपादक कोण आणि प्रत कशावरून तयार केली आहे हे वाचूनच घ्यावे. भटजींची स्वतःची भाषा ऐकायची असेल तर मूळ संहितेवरची आवृत्ती. मी तीच घेतली. जुन्या मराठी ग्रंथांच्या बाबतीत हा नियम सगळीकडेच लागू पडतो, कारण स्वामित्वहक्काची मुदत संपलेली पुस्तके अनेक प्रकाशक काढतात आणि त्यांतल्या काही संक्षिप्त असतात. ‘संक्षिप्त’ हा शब्द मुखपृष्ठावर असेलच असे नाही.

त्या दिवशी चौकातून एकूण सहा पुस्तके आली : गोडसे भटजी, दोन कवितासंग्रह, सह्याद्रीतल्या वनस्पतींची एक सचित्र पुस्तिका आणि भाच्यासाठी दोन बालपुस्तके. भाच्याला खरे तर ‘किशोर’चे जुने अंक हवे होते. बालभारतीचे हे मासिक १९७१च्या नोव्हेंबरात सुरू झाले आणि त्याचे जुने अंक आता महाजालावर विनामूल्य वाचता येतात, म्हणून ते विकत शोधण्याची गरज उरली नाही. आईबापांनी हे लक्षात ठेवावे.

दुसरा दिवस, बुधवार : पुणे

सकाळी मुंजाबाच्या बोळात बेडेकरांची मिसळ खाल्ली. गोडसर रस्सा, बरोबर पाव नव्हे तर स्लाइस ब्रेड. मावशीला तिखट सोसत नाही, त्यामुळे पुण्यातली हीच मिसळ तिला चालते. उशिरा गेल्यास रांगेत उभे राहावे लागते.

तिथून चालत बुधवार पेठेतल्या पुणे नगर वाचन मंदिरात. १८४८ साली ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने ते सुरू झाले आणि त्यामागे लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांची प्रेरणा होती. त्याच वर्षी ‘प्रभाकर’ पत्रातून त्यांची शतपत्रे प्रसिद्ध होऊ लागली आणि त्याच वर्षी, याच पेठेत, भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी मुलींची शाळा उघडली. आदल्या दिवशी घेतलेला फुल्यांचा ग्रंथ तेव्हा माझ्या पिशवीत होता. एका वर्षात, हाकेच्या अंतरावर, एकीकडे ग्रंथालय आणि दुसरीकडे मुलींची शाळा उभी राहते. पण ग्रंथालयातून मुलीने पुस्तक न्यायला आणखी किती काळ जावा लागला असेल, हा विचार त्या जिन्यावर मनातून जाईना. मावशीला नोकरी लागली तेव्हा तिच्या घरात तिच्याआधी कोणी बाई नोकरीला गेली नव्हती. ती जिना चढताना कठड्यावर हात ठेवून क्षणभर थांबली. दम लागला म्हणून थांबली असेल, पण मी काही विचारले नाही.

सभासद नसताना पुस्तक घरी नेता येत नाही हे उघड आहे. मात्र कोणत्याही सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन, आपण बाहेरगावाहून आलो आहोत आणि वाचनकक्षात बसू इच्छितो असे नम्रपणे सांगितले, तर नकार सहसा मिळत नाही असा मावशीचा अनुभव आहे आणि आता माझाही. ग्रंथालयांची साप्ताहिक सुट्टी वेगवेगळ्या वारी असते आणि पुष्कळ ठिकाणी दुपारी दोन-तीन तास दार बंद असते, तेव्हा निघण्यापूर्वी दूरध्वनी करावा. ज्यांच्या गावात वाचनालय आहे आणि जे अजून सभासद नाहीत त्यांनी अनामत आणि वर्गणीची रक्कम एकदा विचारून तरी पाहावी. वर्षाची वर्गणी पुष्कळदा एका नव्या कादंबरीच्या किमतीएवढीही नसते.

दुपार रद्दीत गेली. नारायण पेठेत एका बोळात रद्दीचे दुकान आहे. दारात वर्तमानपत्रांचे गठ्ठे, मध्ये तागडी आणि मागच्या अंधाऱ्या भागात पुस्तकांचा ढीग. दुकानदाराने आम्हांला बसायला स्टूल दिले आणि “हवं ते काढून ठेवा, मग बोलू,” असे म्हणून तो आपल्या कामाला लागला. आम्ही तीन तास तिथे होतो. ‘सत्यकथे’चे तीन सुटे अंक सापडले. हे मासिक १९८२ साली बंद पडले, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीचे पुण्यातच १९७५ साली निघालेले पुनर्मुद्रण मिळाले. पुठ्ठा सुटलेला होता, पण आतले एकही पान गेलेले नव्हते. ‘स्मृतिचित्रे’ची एक सुबक प्रत मिळाली. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मचरित्र मी शाळेत असताना वाचनालयातून आणून वाचले होते आणि ते आपल्या घरी असावे असे तेव्हापासून वाटत होते, म्हणून मावशीच्या नियमात ते बसले.

आणि एक लहानसे पुस्तक, ज्यासाठी मी हा सगळा प्रवास पुन्हा करीन. एका शाळामास्तरांनी आपल्या तालुक्यातल्या विहिरी आणि बारवांची नोंद करून ते लिहिलेले आहे. किती पायऱ्या, कुठल्या बाजूने उतार, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरते, इतके सारे त्यात आहे. छपाई खिळ्यांची, त्यामुळे पानाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवले की अक्षरांचा उठाव लागतो. आत एका गावच्या वाचनालयाचा शिक्का, दाखल क्रमांक आणि शेवटच्या पानावर चिकटवलेले तारीखपत्र. पहिली तारीख १९६८ची. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी पुस्तक कोणी ना कोणी नेलेले होते. १९७२ सालच्या ओळी तर एकाखाली एक दाटीने पडलेल्या होत्या. तो दुष्काळाचा काळ. त्या गावातले लोक तेव्हा जुन्या विहिरींची माहिती शोधत होते काय, हे सांगायला कोणी नाही, पण निळ्या शाईच्या त्या शिक्क्यांकडे मी किती तरी वेळ पाहत राहिले. पुढे तारखा विरळ होत गेल्या आणि १९९४नंतर एकही नाही. पहिल्या पानावर तिरपा शिक्का होता : निर्लेखित, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदीतून काढून टाकलेले.

मला वाईट वाटले. मावशीला तसे वाटले नाही. ती म्हणाली, “अगं, नवी पुस्तकं यायची तर जुन्यांना जागा सोडावी लागते. यादी होते, समितीपुढे जाते, मंजुरी मिळते, मगच हा शिक्का बसतो. मी स्वतः शेकड्यांनी मारलाय. वाईट वाटून घ्यायचं ते शिक्का नसेल तर.”

हे तिने पुढे नीट समजावून सांगितले आणि जुनी पुस्तके घेणाऱ्या सर्वांसाठी ते महत्त्वाचे आहे. रद्दीत ग्रंथालयाचे पुस्तक सापडले आणि त्यावर निर्लेखनाचा शिक्का नसेल, तर ते कोणी तरी नेऊन परत न केलेले, बुडवलेले पुस्तक असण्याची शक्यता असते. अशा वेळी ते विकत घेऊन त्या ग्रंथालयाला टपालाने परत करणे सर्वांत चांगले, निदान त्यांना कळवावे तरी. मावशीने असे वर्षाकाठी एक-दोनदा केलेले आहे.

दुकानदाराने तिन्ही पुस्तकांचे वजन न करता अंदाजाने भाव सांगितला आणि अंक तसेच दिले. आम्ही घासाघीस केली नाही.

चूक कळली ती रात्री. निवासस्थानी ‘स्मृतिचित्रे’ चाळत असताना मी ९६व्या पानावर आले, पान उलटले आणि पुढे पुन्हा ८१. एक अख्खा फर्मा, म्हणजे एकत्र छापलेल्या सोळा पानांचा संच, दुबार बांधला गेला होता आणि दुसऱ्या ९६नंतर थेट ११३ सुरू होत होते. म्हणजे ९७ ते ११२ ही सोळा पाने नव्हतीच. प्रसंग ऐन रंगात आलेला आणि वाक्य अधांतरी. बांधणीतली ही चूक नव्या पुस्तकातही होते आणि पावती असेल तर दुकानदार प्रत बदलून देतो, पण रद्दीतल्या पुस्तकाला पावती कुठली? पैसे देण्यापूर्वी पानांचे क्रमांक सोळा-सोळाच्या टप्प्याने पाहून घ्यावेत, असे मावशी तीन तासांत दोनदा म्हणाली होती. मी मोल्सवर्थची पाने तपासली, ‘स्मृतिचित्रे’ इतके सुस्थितीत होते की ते तपासावेसे वाटले नाही.

तिसरा दिवस, गुरुवार : वाई

स्वारगेटहून एसटीने खंबाटकी ओलांडून वाईला पोहोचलो तेव्हा अकरा वाजले होते. उन्हात ऊब आणि सावलीत गारवा, अशी हवा. कृष्णेच्या घाटांवर कृष्णाबाईच्या उत्सवाचे दिवस होते. वाईत हा उत्सव एकाच वेळी नव्हे, तर आळीआळीने वेगवेगळ्या घाटांवर होतो. नदीकाठी मांडव, सनई आणि पंगतीची लगबग. एका अनोळखी काकूंनी आम्हांला हाताला धरून प्रसादाला बसवले. पानात वरण-भात, वांग्या-बटाट्याची भाजी आणि शिरा होता. पाहुणे कुठले, कशाला आलात, अशी चौकशी झाली आणि ‘पुस्तकांसाठी’ असे सांगितल्यावर त्यांनी पंगतीतल्या एका वृद्ध गृहस्थांकडे बोट दाखवले. “त्यांना भेटा. आयुष्यभर प्रुफं तपासली त्यांनी.”

जेवणानंतर ढोल्या गणपतीच्या देवळापुढच्या पायऱ्यांवर ते आमच्याशी तासभर बोलले. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलेले हे देऊळ पुरात पाणी दुभंगावे म्हणून मागच्या बाजूने माशाच्या आकारात निमुळते केलेले आहे, हे त्यांनी आधी उठून हाताने दाखवले आणि मगच पुस्तकांचा विषय काढला. वाई हे मराठी विश्वकोशाचे गाव. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली त्याचे काम इथे चालले आणि पहिला खंड १९७६ साली निघाला. ज्या प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थ घडले तीही इथलीच. काकांनी विचारले, “विश्वकोशातली पहिली नोंद कुठली, सांगा बरं?” मी ‘अ’ वरून काही तरी सांगू लागले. ते हसले. “अंक! अनुस्वार आधी येतो. लोक ‘अकबर’च्या आसपास ‘अंक’ शोधतात, सापडत नाही आणि विश्वकोशात नोंदच नाही असं म्हणून मोकळे होतात. कोश बघायला शिकवत नाहीत हो कोणी शाळेत.”

त्यांच्या बोलण्यात मनापासूनची कळकळ होती. मोल्सवर्थ पिशवीतून काढून दाखवला तेव्हा त्यांनी तो मांडीवर घेतला, सुटलेला पुठ्ठा उलटून पाहिला आणि खळीत थोडे मोरचूद मिसळून कसे चिकटवायचे ते सांगितले. मोरचूद का, तर नुसत्या खळीला कसर लागते. मोरचूद विषारी असल्यामुळे मुलांच्या हाती लागू देऊ नका, हेही त्यांनी बजावले.

संध्याकाळी गंगापुरीतून फेरी मारून आलो आणि बाजारातल्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानात वाईच्या घाटांविषयीची एक पुस्तिका आणि एका स्थानिक कीर्तनकारांच्या आठवणींचे पुस्तक मिळाले. अशी पुस्तके पुण्या-मुंबईच्या दुकानांत येत नाहीत आणि त्यांची दुसरी आवृत्ती निघत नाही. गावोगावच्या स्टेशनरीच्या दुकानांत तळाच्या कप्प्यात ती पडून असतात, विचारल्याशिवाय कोणी दाखवत नाही. मी तर आता प्रत्येक गावात “इथल्या कोणी लिहिलेलं काही आहे का?” हे विचारणारच.

चौथा दिवस, शुक्रवार : भिलार

पसरणीचा घाट चढताना मागे धोम धरणाचे पाणी चकाकत होते. पाचगणीत गाडी बदलली आणि तिथून आठ किलोमीटरवरच्या भिलारला उतरलो. वारा अंगाला झोंबत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्ट्रॉबेरीचे वाफे, काळ्या प्लास्टिकच्या आच्छादनातून वर आलेली हिरवी रोपे आणि सकाळची तोड आटोपून पेट्या भरणाऱ्या बायका.

४ मे २०१७ रोजी भिलार हे ‘पुस्तकांचं गाव’ झाले. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना सुचली आणि राज्य शासनाने राज्य मराठी विकास संस्थेमार्फत ती इथे आणली. आरंभी पंचवीस ठिकाणी मिळून सुमारे पंधरा हजार पुस्तके होती. हे-ऑन-वायमध्ये पुस्तकांची दुकाने आहेत. भिलारमध्ये विक्री नाही, पुस्तक घरी नेण्याचीही सोय नाही. गावकऱ्यांनी आपल्या घरातल्या खोल्या, पडव्या, ओसऱ्या दिल्या, त्यांत कपाटे ठेवली गेली आणि प्रत्येक घराला एकेक साहित्यप्रकार मिळाला. एका घरी कविता, दुसऱ्या घरी इतिहास, कुठे बालसाहित्य, कुठे संतसाहित्य. दारावर पाटी असते. दार उघडायचे, पुस्तक काढायचे, बसायचे, वाचायचे आणि जागेवर ठेवून निघायचे, एक रुपयाही न देता.

मावशीला पहिल्या अर्ध्या तासात ग्रंथपालाच्या नजरेने दोष दिसले. एका घरी प्रवासवर्णने कादंबऱ्यांत मिसळली होती, दुसरीकडे भिंतीला ओल होती. ती चरफडली, पुस्तके लावून दिली आणि नंतर म्हणाली, “पण माझ्या ग्रंथालयात वाचकाच्या पुढ्यात कोणी ताक आणून ठेवलं नव्हतं गं.” कारण तोवर त्या घरच्या सुनेने खरोखरच दोन पेले ताक आणून ठेवले होते.

आत्मचरित्रांच्या घरात मी शिरले तेव्हा मनात एकच गोष्ट होती. दुसऱ्या कपाटात, तिसऱ्या ओळीत ‘स्मृतिचित्रे’ होते. आवृत्ती वेगळी, त्यामुळे पानांचे क्रमांक जुळत नव्हते. मी माझी प्रत काढली, ९६व्या पानावरचे शेवटचे वाक्य पाहिले आणि त्या प्रतीत ते शोधत गेले. सापडल्यावर ओसरीवर मावशीशेजारी बसून मोठ्याने वाचू लागले. दोन परिच्छेद झाले असतील नसतील, आतून त्या घरच्या आजी भिंत धरत बाहेर आल्या. डोळ्यांचे ऑपरेशन नुकतेच झालेले, काळा चष्मा लावलेला.

“थांबलीस का? वाच की मोठ्यानं. मलाबी ऐकू दे.”

मी पुन्हा सुरुवातीपासून वाचले. आजी खांबाला टेकून बसल्या. लक्ष्मीबाईंची भाषा मुळातच बोलण्यातली आहे, डोळ्यांपेक्षा कानाला अधिक जवळची, हे त्या तासाभरात मला प्रथमच जाणवले. आजी मध्येच हसत, मध्येच “असंच असतंय बग,” असे म्हणत आणि एका जागी त्यांनी मला थांबवून तेवढाच भाग पुन्हा वाचायला लावला. आठ वर्षे आपल्या घरात ही पुस्तके आहेत, लोक येतात, बसतात, पण मनात वाचतात, त्यामुळे आपल्याला कधी ऐकायला मिळाले नव्हते, असे त्या म्हणाल्या. शाळेत त्या गेलेल्या नाहीत. गेलेली सोळा पाने तिथे सव्वीस पानांत पसरली होती, ती वाचून झाली तरी त्या उठेनात, म्हणून पुढचे आणखी एक प्रकरण वाचले. त्यानंतर पिठले, ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी यांचे जेवण झाले आणि शेवटी वाटीभर स्ट्रॉबेरी आली. दुकानातल्यासारख्या मोठ्या नव्हत्या, पण देठापर्यंत लाल आणि पिकलेल्या. जेवणाचे पैसे आजींच्या सुनेने ठरल्याप्रमाणे घेतले, स्ट्रॉबेरीचे घेतले नाहीत.

भिलारला जाणाऱ्यांना माझे सांगणे असे. हंगाम हवा असेल तर डिसेंबर ते मार्च या काळात जावे आणि शक्य असल्यास मधल्या वारी, कारण शनिवार-रविवारी पर्यटक घरे ‘पाहून’ पुढे जातात आणि बसून वाचायला निवांतपणा मिळत नाही. ही लोकांची राहती घरे आहेत, तेव्हा चपला बाहेर काढाव्यात, छायाचित्र काढण्याआधी विचारावे आणि दुपारच्या वेळी आवाज बेताने करावा. गावातच मुक्काम करावा. पाचगणीहून दोन तासांची धावती भेट देऊन हाती काही लागत नाही. आणि आजी-आजोबा घरात असतील तर एखादे पान मोठ्याने वाचावे.

पाचवा दिवस, शनिवार : परत

परतीचा प्रवास मुकाट्याने झाला. ओझे होतेच : चौदा पुस्तके, तीन अंक, स्ट्रॉबेरीची एक पेटी. घरी आल्यावर जुनी पुस्तके दोन दिवस सावलीत वाऱ्यावर उभी ठेवली. नवी-जुनी एकत्र कपाटात ठेवू नयेत, कसर असेल तर ती पसरते. मोल्सवर्थचा पुठ्ठा मावशीने चिकटवला, विहिरींच्या पुस्तकाला पारदर्शक वेष्टन घातले आणि तारीखपत्र मात्र जसेच्या तसे ठेवले.

‘स्मृतिचित्रे’ची पूर्ण प्रत आता सहज मागवता येईल, पण मी मागवलेली नाही. दुसऱ्यांदा आलेल्या ९६व्या पानाच्या समासात मावशीने आपल्या बारीक, सरळ अक्षरात पेन्सिलीने लिहिले आहे : “पुढील पृष्ठे ९७ ते ११२ भिलार येथे वाचली. श्रोत्या दोन.”